पाचवं कारण : वारा



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक १३ ते १६.

थोडक्यात भावार्थ असा. कुठलंही कर्म पुरं व्हायला पाच कारणं लागतात, असं भगवंत अर्जुनाला सांगतात. पहिलं अधिष्ठान, म्हणजे हे शरीर. दुसरा कर्ता. तिसरं करण, म्हणजे इंद्रियं आणि साधनं. चौथी चेष्टा, म्हणजे तऱ्हेतऱ्हेचे प्रयत्न. आणि पाचवं दैव. माणूस शरीराने, वाणीने, मनाने जे काही करतो, चांगलं असो की वाईट, त्यामागे हे पाचही असतात. आणि असं असूनही जो एकट्या स्वतःलाच कर्ता मानतो, त्याला नीट दिसत नाही.

पहिली चार कारणं आपल्याला लगेच पटतात. आपण अडखळतो ते पाचव्यापाशी. दैव म्हणजे नशीब का? मग प्रयत्नांचं काय? आणि दैव देवाच्या हातात असेल, तर भक्ती करणाऱ्याच्या वाट्याला वाईट दैव का येतं? हा शेवटचा प्रश्न गेल्या शनिवारी मला एका मित्राने विचारला. त्याच्या परवानगीनेच आज लिहितोय.

आम्ही दोघं लंडनला एकाच कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायचो. ब्रायटन मॅरेथॉनची नावनोंदणी दोघांनी मिळून केलेली, हॉटेलही आधीच बुक. मधल्या काळात कंपनीने काही प्रोजेक्ट बंद केले. त्याचा बंद झाला, माझा राहिला. दोघांचा अनुभव सारखा, कामही सारखंच. इथे वर्क व्हिसावर असलेल्या माणसाची नोकरी गेली की नवा स्पॉन्सर शोधायला साधारण ६० दिवस मिळतात, नाहीतर देश सोडायचा. शनिवारी त्याचा २६वा दिवस होता. "पैसे भरलेत तर धावून घेऊ," म्हणून तो आला. संध्याकाळी आम्ही किनाऱ्यावर बसलो होतो. ब्रायटनला वाळू नाही, सगळे गोटे आहेत. तो गोटे उचलून पाण्यात टाकत होता. एकदम म्हणाला, "अरे, नऊ वर्षं एकादशी चुकवली नाही मी. रोज गीतेचा एक अध्याय वाचतो. मग देव माझ्यावरच का रुसला?"

माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी जे अंगावर आलं, त्यातून या श्लोकांचा अर्थ मला थोडा उलगडला.

ही मॅरेथॉन प्रेस्टन पार्कपासून सुरू होते. शहरातून फिरून रस्ता समुद्राकाठी येतो, मग पूर्वेकडे रॉटिंगडीनच्या दिशेने खडूच्या पांढऱ्या कड्यांवरून जातो. तिथून वळून पुन्हा पश्चिमेकडे, पियरवरून पुढे होव्हच्या बाजूला. एकूण ४२.१९५ किलोमीटर. इंग्लंडच्या या दक्षिण किनाऱ्यावर वारा बहुतेक वेळा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो. रविवारीही तो पश्चिमेचाच होता आणि चांगला जोरात. म्हणजे जाताना वारा पाठीशी, येताना समोरून.

आता गंमत बघा. पूर्वेकडे धावताना वारा असल्याचं जाणवतच नाही. आजूबाजूचे सगळे खुशीत. कुणी घड्याळाकडे बघून म्हणतंय, आज पाय मस्त चाललेत. कुणी म्हणतंय, हिवाळाभर केलेला सराव कामाला आला. एकानेही म्हटलं नाही की वारा छान ढकलतोय. मग वळण आलं आणि अर्ध्या मिनिटात सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द: वारा! टोप्या उडाल्या, छातीवरचे नंबर फडफडायला लागले, डोळ्यांतून पाणी आलं. वारा तोच होता. अर्ध्या तासापूर्वीही तो तितकाच वाहत होता.

इंजिनिअर माणूस आहे, तेव्हा थोडं गणित चालवून घ्या. समजा तुम्ही ताशी १० किलोमीटरने धावताय आणि वाराही ताशी १० चाच आहे. तो पाठीमागून असेल तर तुम्ही हवेच्याच वेगाने चाललाय. कानाला झुळूकही लागत नाही, उलट उकडतं. तोच समोरून आला तर अंगावर २० चा वारा आदळतो. शिवाय हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वारा मुळीच नसताना तो अडथळा १०० धरा. पाठचा वारा असताना तो शून्य होतो, समोरचा असताना ४००. म्हणजे जाताना १०० वाचले आणि येताना ३०० जास्तीचे भरले. जाऊन-येऊन हिशेब सारखा होत नाही.

हा आकडा मला महत्त्वाचा वाटतो, कारण दुःखात असलेल्या माणसाला आपण पटकन म्हणतो, "सुखदुःख सारखंच असतं रे, जाईल हेही दिवस." गीताही सांगते की शीत-उष्ण येतात आणि जातात, ते सोसावेत. पण सोस म्हणणं वेगळं आणि "तुला उगाचच जड वाटतंय" म्हणणं वेगळं. समोरचा वारा खरंच जास्त जड असतो. भगवंतांनीही अर्जुनाला तुझं दुःख खोटं म्हणून गप्प बसवलं नाही. अठराव्या अध्यायापर्यंत बोलत राहिले.

आता पुन्हा पाच कारणांकडे येऊ. पाठीशी वारा असताना आपण काय करतो? यादीतून पाचवं कारण गाळतो. माझं शरीर, माझी बुद्धी, माझे कष्ट, म्हणून माझं यश. आणि समोरून वारा आला की पहिली चार गाळतो. उरतं फक्त पाचवं. माझं नशीबच फुटकं, देवच रुसला. दोन्ही वेळा यादी अपुरी. १६व्या श्लोकात भगवंत ज्याला नीट दिसत नाही म्हणतात, तो आपल्याला फक्त यशाच्या गर्वात फुगलेला माणूस वाटतो. पण अपयशात "माझंच काहीतरी कमी पडलं, माझी भक्तीच खोटी" असं म्हणत स्वतःला पोखरणारा माणूसही एकट्या स्वतःलाच कर्ता मानत असतो. तेही तेच न दिसणं.

माझी नोकरी राहिली. त्यामागे माझे कष्ट आहेतच, ते मी नाकारत नाही. पण तेवढेच कष्ट त्याचेही होते. फरक पाचव्या कारणाचा. हे मान्य करायला मला काही फार नम्र व्हावं लागत नाही, नुसता हिशेब पुरा मांडावा लागतो.

मग पाचवं कारण म्हणजे आंधळं नशीब का? इथे आचार्यांकडे जाऊया. शंकराचार्य या श्लोकावर सांगतात की दैव म्हणजे इंद्रियांना साहाय्य करणाऱ्या सूर्यादी देवता. डोळा पाहतो, पण प्रकाश सूर्याचा. रामानुजाचार्य आणखी पुढे जाऊन म्हणतात, दैव म्हणजे अंतर्यामी परमात्माच. दोघांनीही दैव या शब्दात देव पाहिला आहे, नुसता योगायोग नव्हे. आणि ऐतरेय उपनिषदात सांगितलंय की वायुदेवता प्राण होऊन माणसाच्या नाकपुड्यांत शिरली. कड्यावरून खाली येताना मला हे आठवलं. जो वारा छातीवर आदळत होता, तोच प्रत्येक श्वासाबरोबर आत जात होता. तो आत गेला नसता तर पुढचं पाऊल पडलंच नसतं. मला अडवणारा आणि मला चालवणारा, दोघं एकच.

नवव्या अध्यायात भगवंत म्हणतात की सगळीकडे वाहणारा महान वायू जसा नेहमी आकाशातच राहतो, तशी सगळी भूतं माझ्यात राहतात. त्यात पाठचा वारा माझ्यात आणि समोरचा माझ्याबाहेर, अशी वाटणी नाही. वारा कुठल्याही दिशेने वाहिला तरी आकाशाबाहेर जात नाही.

म्हणजे "देव माझ्यावर रुसला का?" या प्रश्नाचं उत्तर मला असं दिसतं : वाऱ्याच्या दिशेवरून देवाची मर्जी वाचता येत नाही. ब्रायटनमागच्या टेकड्यांवर 'छत्री' नावाचं पांढऱ्या संगमरवराचं स्मारक आहे. पहिल्या महायुद्धात जखमी भारतीय सैनिकांना इथल्या रॉयल पॅव्हिलियनमध्ये, म्हणजे चक्क राजवाड्यात, उपचारासाठी आणलं होतं. त्यांतले जे हिंदू आणि शीख सैनिक वाचले नाहीत, त्यांच्यापैकी ५३ जणांना त्या टेकडीवर अग्नी दिला गेला. १९२१ मध्ये तिथे ही छत्री उभी राहिली. शनिवारी सकाळी आम्ही तिथे जाऊन आलो. तिथपर्यंत पायीच जावं लागतं, आणि टेकडीवर वारा असा की बोललेलं ऐकू येत नाही. त्या ५३ जणांत रोज देवाचं नाव घेणारे कितीतरी असतील. घरापासून हजारो मैलांवर त्यांना मरण आलं. देव त्यांच्यावर रुसला होता, असं त्या छत्रीसमोर उभं राहून कुणाला म्हणवेल? मग स्वतःबद्दल तरी आपण ते का म्हणावं?

आता चौथ्या कारणाबद्दल, चेष्टेबद्दल. दैव मानलं की प्रयत्न संपले, असं नाही. पाचात एक जागा प्रयत्नांची आहे आणि ती दुसरं कुणी भरत नाही. मुरलेले धावणारे सांगतात की समोरून वारा असेल तर घड्याळातला वेग बघू नका, श्रम बघा. एरवी जितका दम लागतो तितकाच लागू द्या, वेग कमी होईल तो होऊ द्या. वेग राखायच्या हट्टाने धावलात तर तिसाव्या किलोमीटरला संपाल. कर्मावर तुझा अधिकार, फळावर नाही, ही शिकवण आपण सगळ्यांनी पाठ केलेली असते. ती पायांनी शिकायची असेल तर समोरच्या वाऱ्यासारखा गुरू नाही. श्रम तुमचे. वेग पाचांचा मिळून.

माझ्या मित्राच्या बाबतीत याचा अर्थ असा : रोज किती मुलाखती मिळाल्या ते मोजणं सोडायचं, रोज किती अर्ज नीट विचार करून पाठवले ते मोजायचं. जप किती "लागू पडला" हे मोजायचं नाही, आज बसलो की नाही एवढंच बघायचं. एकादशी ही वारा फिरवण्यासाठी भरलेली फी नाही. नऊ वर्षांच्या एकादशींनी वारा फिरला नसेल, पण छब्बिसाव्या दिवशी गोटे टाकत का होईना, तो देवाशीच भांडत होता. परक्याशी असं कुणी भांडत नाही.

शेवटची गोष्ट सत्संगाची. समोरून वारा असला की धावणारे एकमेकांच्या मागे येतात. पुढचा वारा फोडतो, मागच्याला थोडा आडोसा मिळतो. थोड्या वेळाने मागचा पुढे येतो. वेस्ट पियरपाशी, २००३च्या आगींनंतर समुद्रात नुसता लोखंडी सांगाडा उरलाय तिथे, आम्ही सातआठ अनोळखी माणसं अशी एका ओळीत आलो होतो. कुणी ठरवलं नव्हतं. मला आपली दिंडी आठवली. वारीत एकट्याने चालणारा दमतो, दिंडीतला चालत राहतो. मित्र माझ्या पाठीमागे होता. त्याचा श्वास मला ऐकू येत होता, आणि तोंडात नाव चालू होतं तेही.

म्हणून ज्यांच्या पाठीशी आज वारा आहे, त्यांच्यासाठी या श्लोकांतून एक काम निघतं. तुमच्या अंगातली ती वाचलेली शक्ती तुमची एकट्याची नाही. ओळखीतल्या कुणाची नोकरी गेली असेल तर "काळजी करू नको" असा मेसेज टाकून थांबू नका. त्याचा सीव्ही मागा, दोन माणसांशी बोला, त्याच्यासोबत बसून मुलाखतीची तयारी करा. थोडा वेळ त्याच्या पुढे धावा. आणि ज्यांच्या समोरून वारा आहे, त्यांनी आडोसा मागायला लाजू नये. मागणं हीसुद्धा चेष्टाच आहे, चौथं कारण.

आम्ही दोघं होव्ह लॉन्सवर पोचलो तेव्हा ४ तास ४० मिनिटं झाली होती. दोघांनी ठरवलेल्या वेळेपेक्षा बरीच जास्त. हे लिहितोय तेव्हा त्याचा ३१वा दिवस आहे आणि अजून कुठून होकार आलेला नाही. रोज रात्री नऊला आम्ही फोनवर एकत्र बसतो. अर्धा तास मुलाखतीची तयारी, मग एक अध्याय.

आजचा संकल्प : झोपण्यापूर्वी आज नीट पार पडलेली एक गोष्ट आठवा आणि तिची पाचही कारणं वहीत लिहा. मग बिघडलेली एक गोष्ट घ्या आणि तिचीही पाच लिहा. दोन्ही याद्यांत एकही जागा रिकामी ठेवू नका.

प्रार्थना : पांडुरंगा, वारा पाठीशी असेल तेव्हा तो तुझा आहे हे आठवू दे. समोरून असेल तेव्हाही तो तुझाच आहे हे विसरू देऊ नकोस. वेग तुझ्याकडे ठेव. पाऊल उचलायचं काम तेवढं माझ्याकडे असू दे.

राम कृष्ण हरी.