'असो वा नसो' : थाळनेरची फाशी आणि निवाड्याची भाषा

युद्धगुन्हे आणि वंशसंहार यांची चर्चा आपल्याकडे बहुधा न्यूरेंबर्गपासून सुरू होते आणि हेग, अरुषा, रोम अशी वळणे घेत संपते. प्रस्तुत लेखात ती तापीकाठच्या थाळनेरपासून सुरू केली आहे. यामागे प्रादेशिक अभिमान नाही. आंतरराष्ट्रीय न्यायाच्या चर्चेत 'न्यायाधीश कोण, त्याला अधिकार कोणी दिला' हा प्रश्न इतका जागा व्यापतो, की 'खटला चालवणे म्हणजे नेमके काय करणे' हा त्याहून मूलभूत प्रश्न मागे पडतो. थाळनेरला खटला चाललाच नाही, आणि म्हणूनच तो नसला म्हणजे काय नसते हे तिथे स्पष्ट दिसते.

घटना थोडक्यात अशी. महिदपूरच्या लढाईनंतर ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसौरचा तह झाला आणि होळकरांनी खानदेशातील आपला मुलूख कंपनी सरकारला तोडून दिला. त्यात थाळनेर होते. सर थॉमस हिस्लॉप याची फौज २७ फेब्रुवारी १८१८ रोजी किल्ल्याखाली आली. किल्ला खाली करून द्यावा, न दिल्यास बंडखोर समजले जाईल, अशी ताकीद किल्लेदार तुळशीराम मामा याला सकाळी देण्यात आली. किल्ल्यातून गोळीबार झाला. तोफा लागल्या, बाहेरचे दरवाजे गेले, आणि किल्लेदार स्वतः बाहेर येऊन इंग्रजांच्या हवाली झाला. आतल्या दरवाजापाशी मात्र अरब शिबंदी होती. शरण येण्याच्या अटींविषयी तिथे बोलणे चालले असता मोजक्या लोकांनिशी आत शिरलेल्या अधिकाऱ्यांवर शिबंदी तुटून पडली. मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर ठार झाले. त्यानंतर फौज आत घुसली आणि सुमारे तीनशे माणसे कापली गेली. त्याच संध्याकाळी तुळशीराम मामाला किल्ल्याच्या बुरुजावर फाशी देण्यात आले.

फाशी देणाऱ्याच्या बाजूने या कृत्याचे जे समर्थन लष्करी खलित्यात नोंदले गेले, त्याचा आशय असा : शिबंदीच्या नंतरच्या दगाबाजीत तो सामील असो वा नसो, सकाळी ताकीद मिळूनही त्याने मुळात बंड केले होते, तेव्हा त्याला मिळालेली शिक्षा योग्यच होय.

हे वाक्य नीट वाचावे असे आहे. त्यात दोन आरोप आहेत. पहिला, शरण आल्यावर अधिकाऱ्यांना दग्याने मारल्याचा. दुसरा, ताकीद न जुमानल्याचा. संताप पहिल्या आरोपाचा आहे. दोन अधिकाऱ्यांची प्रेते समोर नसती तर संध्याकाळी बुरुजावर दोर बांधला गेला असता का, याची शंकाच आहे. पण पहिल्या आरोपाला पुरावा नाही, कारण शिबंदीने हत्यार उचलले तेव्हा किल्लेदार इंग्रजांच्याच ताब्यात होता. म्हणून शिक्षा दुसऱ्या आरोपाच्या नावे मांडली जाते. 'असो वा नसो' या तीन शब्दांनी ही अदलाबदल पार पडते. वरवर पाहता ही सवलत देणारी वाक्यरचना आहे. तू कदाचित निर्दोष असशील हे ती मान्य करते, आणि त्या शक्यतेचा निकालावर काहीही परिणाम होऊ देत नाही.

उरलेला आरोपही वाटतो तितका सरळ नाही. तुळशीराम मामा 'बंडखोर' ठरला तो कोणाच्या दृष्टीने? त्याच्या धन्याने एका तहावर सही केली होती आणि त्या तहानुसार किल्ला परक्याचा झाला होता. तो न सोडणे ही धन्याची अवज्ञा झाली, हे खरे. पण ज्या युरोपीय राष्ट्रविधीचा हिस्लॉपच्या पिढीला परिचय होता, त्यातल्या व्हॅटेलसारख्या ग्रंथकाराने १७५८ मध्येच, केवळ चिवटपणे किल्ला लढवला म्हणून किल्लेदाराला देहदंड देण्याच्या प्रथेचा स्पष्ट निषेध केलेला आहे. 'बंड' हा शब्द नसता तर हिस्लॉपला हा निषेध आड आला असता. शब्द बदलला की विधी बदलतो. संहितेच्या अभ्यासकाला ही गोष्ट नवी नसली, तरी इथे तिची किंमत एक मान आहे.

लंडनमध्ये हे खपले नाही, असेही म्हणवत नाही आणि खपले असेही म्हणवत नाही. मार्च १८१९ मध्ये या मोहिमेतील सेनेचे आभार मानणारा ठराव जॉर्ज कॅनिंग यांनी मांडला, तेव्हा हिस्लॉपच्या आभारातून थाळनेरची फाशी वगळण्यात आली. त्या कृत्याविषयीचे मत सभागृहाने राखून ठेवले. हिस्लॉपवर आरोप ठेवला गेला नाही. तो निर्दोष आहे, असेही कोणी म्हटले नाही. किल्लेदाराला ज्या 'असो वा नसो'ने मारले, तीच वाक्यरचना हिस्लॉपला मात्र वाचवून गेली.

आता न्यूरेंबर्गकडे वळू. तो जेत्यांचा न्याय होता हा आक्षेप जुना आहे आणि खराही आहे. टोकियोतील राधाबिनोद पाल यांच्या भिन्नमतामुळे आपल्याकडे त्याला एक वेगळी आपुलकी लाभली. वसाहतींच्या मालकांनी आक्रमणाचा निवाडा करावा यातली विसंगती भारतीय वाचकाला समजावून सांगावी लागत नाही. तरीही केवळ या आक्षेपावर थांबले की न्यूरेंबर्गच्या निकालातील एक गोष्ट नजरेतून सुटते. १ ऑक्टोबर १९४६ रोजी बावीस आरोपींबाबत निकाल दिला गेला आणि त्यातले तिघे सुटले : शाख्ट, पापेन आणि फ्रिट्शे. फ्रिट्शे हा नाझी राजवटीचा नभोवाणीवरचा प्रमुख आवाज होता. त्याचा तिरस्कार वाटण्याजोगे पुष्कळ काही न्यायासनापुढे होते. पण त्याच्यावर जो आरोप होता त्यात तो सामील होता का, या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे मिळाले, आणि ते उत्तर निकालात उतरले. रशियन न्यायाधीशाने विरोधी मत नोंदवले, तेही उतरले. टोकियोत निकाल दिलेल्या पंचवीसांपैकी एकही सुटला नाही. दोन्ही न्यायासने जेत्यांचीच. पण 'असो वा नसो' म्हणण्याची मुभा एकाने अधिक प्रमाणात नाकारली असे मला वाटते.

हा फरक पुढे किती सूक्ष्म होत गेला हे राडिस्लाव्ह क्र्स्तिच याच्या खटल्यात दिसते. जुलै १९९५ मधील स्रेब्रेनिकाच्या हत्याकांडाबद्दल हेगच्या न्यायाधिकरणाने २००१ मध्ये त्याला वंशसंहाराचा दोषी ठरवून ४६ वर्षांची शिक्षा दिली. २००४ मध्ये अपील न्यायासनाने ती ३५ वर्षांवर आणली. वंशसंहार झाला हे अपीलात कायम राहिले. पण क्र्स्तिचचा स्वतःचा तसा हेतू होता असे सिद्ध होत नाही; इतरांचा हेतू त्याला ठाऊक होता आणि आपल्या हाताखालचे बळ वापरले जात असता त्याने ते वापरू दिले, म्हणून तो साहाय्यक ठरतो, कर्ता नव्हे, असा तो निर्णय होता. हजारो प्रेतांपुढे ही अकरा वर्षांची घट अनेकांना संतापजनक वाटली. मारल्या गेलेल्यांच्या आयांना ती तशी वाटली तर त्यांना उत्तर देण्याचा अधिकार कोणत्याही टीकाकाराला नाही. मला इतकेच म्हणायचे आहे, की थाळनेरला एका संध्याकाळी आणि एका वाक्यात टाळलेला 'सामील होता की नव्हता' हा प्रश्न इथे वर्षानुवर्षे विचारला गेला.

हेतूचा उल्लेख आला म्हणून एक विषयांतर. विम्सॅट आणि बीअर्डस्ली यांचा लेखकाच्या हेतूला समीक्षेतून हद्दपार करणारा निबंध १९४६ चा, म्हणजे न्यूरेंबर्गच्या निकालाच्याच वर्षीचा. १९४८ च्या वंशसंहारविषयक कराराने मात्र 'समूह म्हणून नष्ट करण्याचा हेतू' हाच गुन्ह्याचा गाभा ठरवला. काव्य वाचताना हेतू बाजूला ठेवण्याचे शिक्षण आपल्या दोन पिढ्यांनी घेतले, आणि त्याच काळात न्यायासने हेतूचे वाचन शिकत होती. रवांडासाठीच्या न्यायाधिकरणाने १९९८ मध्ये अकायेसूच्या खटल्यात किन्यारवांडा भाषेच्या जाणकाराची साक्ष घेऊन, एखादा शब्द त्या सभेत, त्या दिवशी, त्या श्रोत्यांना काय सांगत होता हे ठरवले. हे संदर्भनिष्ठ वाचन आपल्या सैद्धांतिक सावधपणापेक्षा अधिक जबाबदार आहे, असे म्हटल्यास समीक्षकांनी रागावू नये.

थाळनेरची कथा सांगताना मराठी निवेदकाला एक सोय असते : अन्याय करणारा परका असतो. ही सोय मोडणारा मजकूर १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्येच आहे. इंग्रजी अंमलापूर्वीच्या दशकांत पेशव्यांच्या अंमलदारांनी कोपरगाव, चाळीसगाव, धरणगाव, अंतूर अशा ठिकाणी भिल्लांची सामूहिक कत्तल केल्याचे तिथे नोंदले आहे. ही नोंद करणाऱ्याचा स्वार्थ उघड आहे. आधीचे राज्य जितके क्रूर दिसेल तितके धरणगावच्या भिल्ल पलटणीचे आणि तिच्या संस्थापकांचे पुण्य उजळते. पण साक्षीदार स्वार्थी आहे म्हणून साक्ष खोटी ठरत नाही. तिची उलटतपासणी करावी लागते. ती आपण केलेली नाही. धुळ्यात १९२७ पासून राजवाडे संशोधन मंडळ उभे आहे, आपल्या मुलखात दप्तरांची वाण कधीच नव्हती. तरीही थाळनेरच्या किल्लेदाराचे नाव आपल्याला ठाऊक आहे, चाळीसगावच्या एकाही भिल्लाचे नाही. 'तेही तसेच होते' हा युक्तिवाद न्यूरेंबर्गच्या आरोपींना जसा हवाहवासा वाटला, तसाच तो आपल्यालाही वाटतो. फक्त आपण तो हिस्लॉपचे नाव घेऊन करतो.

या प्रश्नी आपले राज्यही काठावरच उभे आहे. वंशसंहाराचा करार भारताने १९५९ मध्ये अनुसमर्थित केला. रोमच्या संविधीवर १७ जुलै १९९८ रोजी मतदान झाले तेव्हा भारत तटस्थ राहिला आणि पुढे तिचा सदस्य झाला नाही. सुरक्षा समितीला त्या न्यायालयात मिळालेल्या स्थानावरचा भारताचा आक्षेप गैर म्हणता येत नाही. पण देशांतर्गत कायद्यातही हा गुन्हा नाही. १९८४ च्या शीखविरोधी हिंसेच्या एका खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये ही उणीव निकालपत्रातच बोलून दाखवली. २०२३ च्या भारतीय न्याय संहितेतही ती भरून निघाली नाही. परक्यांच्या न्यायासनाविषयीची शंका आणि घरात न्यायासन नसणे या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे पाल यांच्या चाहत्यांनी लक्षात घ्यायला हवे.

थाळनेरनंतर साडेतीन महिन्यांनी, १३ जून १८१८ रोजी, त्याच मोहिमेत मालेगावचा किल्ला पडला. इथेही अरब शिबंदीच होती, आणि वेढ्यात इंग्रजांची दोनशेंच्या आसपास माणसे ठार वा जखमी झाली होती, म्हणजे सूडाला थाळनेरहून अधिक कारण होते. शरण येण्यापूर्वी शिबंदीच्या जमादाराने लेखी हमी मागितली. थाळनेरची वार्ता त्याच्या कानी गेली असल्यास नवल नाही. कागद मराठीत लिहिला गेला, आणि त्यातली शब्दयोजना इंग्रज सेनापतीच्या मनात होते त्याहून अधिक देऊ करणारी ठरली. शरणागतीनंतर वाद निघाला : सेनापतीला काय म्हणायचे होते ते धरायचे, की कागद काय म्हणतो ते? रोमच्या संविधीच्या बाविसाव्या कलमात आज असे आहे, की गुन्ह्याच्या व्याख्येत संदिग्धता असल्यास ती आरोपीच्या बाजूने सोडवावी. मालेगावला असे कोणतेही कलम नव्हते. दख्खनचा कमिशनर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याच्यापुढे प्रकरण गेले आणि शब्दांचा अर्थ शिबंदीला अनुकूल असाच लावावा, असे त्याने ठरवले. अरबांना मोकळे करण्यात आले.