आधी ओळख, मग खड्डा

रोप लावणारे पुष्कळ. आधी काय उभं आहे ते पाहणारे थोडे. अवधपुरीसारख्या भोपाळच्या वाढत्या वस्तीत फिरायच्या वाटेकडेला देशी झाडं परत आणायची, तर कुदळ उचलण्याआधी उकिडवं बसून पाहायला हवं.

भोपाळकडचं मूळ रान पानगळीचं: पळस, धावडा, तेंदू, मोह, चारोळी. उन्हाळ्यात ते ओकंबोकं दिसतं आणि नवख्याला वाटतं, इथे काहीच नाही. पळस तोडला, गुरांनी चघळला, वणव्यात होरपळला, तरी मुळातून फुटत राहतो. वीतभर धुमारा, त्यावर तीन-तीनची चिवट पानं. खालचं मूळ मात्र आपल्या पिशवीतल्या रोपाहून कितीतरी जुनं. नेमका त्याच्यावरच खड्डा घेतला, तर एक लावलं आणि एक मारलं.

जपायचं ते ओळखलं, तसं काढायचं तेही ओळखावं. घाणेरी (लँटाना) हे झुडूप 1809च्या सुमारास कलकत्त्याच्या बागेत शोभेसाठी आलं. घाणेरी नुसती छाटली की दुप्पट जोमाने फुटते. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांनी साधी रीत घालून दिली: जमिनीखाली बोटभर खोल मुख्य मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं, मुळं वर करून ठेवायचं. ते वाळतं. पण पाखरं बसतात त्या झाडांखाली तिचं बी पडतच राहतं; पावसाळ्यात रोपटी उपटायला पुन्हा यावं लागतं, पुढच्या वर्षीही यावं लागतं. माझ्या लेखी स्वयंसेवक तोच, जो या दुसऱ्या फेरीला येतो.

हिरवळ फसवते. पुण्याच्या वेताळ टेकडीवर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) हे परदेशी झाड लावलं गेलं. उतार झाकले, पण सालई, मेढशिंगी आणि माळाचं गवत यांची जागा गेली. ते गिरिपुष्प भराभर वाढलं, हेच त्याचं प्रमाणपत्र ठरलं होतं.

मोहाचं बी पावसाच्या तोंडावर गळतं आणि फार टिकत नाही. ते ताजंच पेरावं. लागवडीची तारीख बियांनी ठरवावी, समारंभाच्या पाहुण्यांनी नव्हे.

गवताला तर वालीच नाही. कुसळं पायजम्याला टोचतात म्हणून वाटेच्या कडा तासून काढल्या जातात, मग पहिल्या जोरदार सरीत माती वाटेवर येते. कुसळी गवताचं बी दिवाळीच्या आगेमागे पिकून गळतं. तोवर विळा लावू नये, हे कडेची सफाई करणाऱ्यांना दर पावसाळ्यात, वेळेवर, समोर उभं राहून सांगायला हवं.