गाळसाळ

दरवर्षी जूनमध्ये आमच्या शाळेत तुकड्या पाडतात. गुणपत्रिका पुढ्यात घेऊन 'अ' कोण आणि 'क' कोण हे ठरवण्याचे काम बहुधा माझ्याकडे येते. यंदा एका मुलाने विचारले, "गुरुजी, मी 'क'मध्ये का?" मी म्हटले, "गुण कमी पडले." उत्तर खरे होते, पण त्या रात्री झोप काही लागेना. आणि मला आठवली, पूर्वी कधीतरी वाचलेली अंदालुसियन कोंबड्यांची हकीकत. तीही निवडानिवडीचीच आहे.

नाव स्पेनमधले असले, तरी ही जात नावारूपाला आणली ती एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज शौकिनांनी. पिसे पाटीसारखी निळसर करडी, त्यांना गडद किनार. पण निळा कोंबडा निळ्या कोंबडीला लावला, तरी सगळी पिले निळी निपजत नसत. सरासरीने चारांत दोन निळी, एक काळे आणि एक मळकट पांढरे, निळ्या-काळ्या शिंतोड्यांचे. ही काळी-पांढरी पिले बिघडलेली म्हणून बाजूला काढीत आणि पुन्हा निळ्याशी निळेच जुळवीत. गाळसाळ काही संपेना.

विसाव्या शतकाच्या आरंभी बेटसन आणि पनेट या केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी मेंडेलच्या नियमाने हे कोडे उलगडले. काळा रंग फिका करणारा एक जनुक आहे. आईबापांपैकी एकाकडूनच तो आला तर पीस निळे. दोघांकडून आला तर शिंतोड्यांचे पांढरे. कोणाकडूनच आला नाही तर काळे. म्हणजे काळ्यांची संतती काळीच आणि पांढऱ्यांची पांढरीच. रंगाने शुद्ध होती ती टाकाऊ पिले! ज्याला अस्सल म्हणून मिरवीत, तो निळा जन्मजात मिश्र. झाडून सारी पिले निळी हवी असतील तर काळा आणि पांढरा, म्हणजे गाळसाळीतलेच दोघे, एकत्र आणावे लागतात.

येथे मी स्वतःला आवरतो. मुले म्हणजे कोंबड्या नव्हेत. त्यांच्या बुद्धीला एका जनुकाचा हिशेब लावणे हा अडाणीपणा, आणि असले हिशेब लावून माणसांनी केलेले अनर्थही आपल्याला ठाऊक आहेत. मला घ्यायचे आहे ते निराळेच. त्या शौकिनांना निळा आवडे, म्हणून त्यांनी निळा निवडला; त्यात वावगे काही नाही. चूक झाली ती आवडीला 'अस्सल' हे नाव दिले तेव्हा. निवड आपली असते, आणि दोष मात्र आपण पिलाच्या माथी मारतो.

मीही तेच केले. कोणते गुण मोजायचे हे आम्ही मोठ्यांनी आधीच ठरवले होते, ही गोष्ट मी त्या मुलाला सांगितली नाही. तुकड्या पुढच्या जूनमध्येही पाडाव्या लागतील. मुले पुष्कळ आणि मास्तर थोडे. पण कोणी पुन्हा 'का?' विचारले, तर मी म्हणेन, "बाळ, आम्हाला एवढेच मोजता आले."