वीतभर पत्रा

माझ्या घरातील हत्यारांची यादी फार मोठी नाही. एक पकड, दोन पाने, एक हातोडी, एक अर्धगोल कानस, वडिलांच्या वेळचे हाताने फिरवायचे ड्रिल आणि लोखंड कापायची एक करवत. शाळेत मी चित्रकला शिकवतो आणि सुटीत कादंबऱ्या लिहितो. मॅट्रिकपुढे माझे शिक्षण गेले नाही. त्यामुळे नीतिशास्त्राशी माझी गाठ ग्रंथांच्या राजमार्गावर फारशी पडली नाही. यंदाच्या पावसाळ्यात ती पडली ती आमच्या ओसरीवर, सायकलचे मडगार्ड बसवताना.

सायकल वडिलांची. काळी, अठ्ठावीस इंची चाकांची. घर ते शाळा हे चार-साडेचार किलोमीटरचे अंतर मी तिच्यावरूनच तोडतो. गाव कृष्णाकाठचे, म्हणजे दोन्ही बाजूंना ऊस आणि मध्ये काळ्या मातीचा रस्ता. डांबर आहे, पण ते पावसाळ्यात फक्त आठवणीपुरते उरते. जुनी मडगार्डे गंजून गेली होती, म्हणून मे महिन्यात नवी जोडी आणली. पुढचे ठीक बसले. मागच्याची शेपटी मात्र खाली बरीच लांब. सायकल उभी करून तीन पायऱ्या चढवताना ती प्रत्येक पायरीवर आपटे. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, तुम्ही घरात येता की दरोडा घालता?" तेव्हा मी शेपटी कापायचे ठरवले.

पत्रा कापणे हे दिसते तितके सोपे काम नव्हे. घाई केली तर करवत अडकते आणि पत्रा वेडावाकडा फाटतो. बारीक दात्यांचे, इंचाला बत्तीस दाते असलेले पान घ्यावे लागते. मी मडगार्डभोवती कागदाची पट्टी चिकटवून तिच्या कडेने रेघ मारली. पत्रा दबू नये म्हणून आतून लाकडाचा गोलसर ठोकळा लावला. मडगार्ड दोन गुडघ्यांत धरून सावकाश कापले. कापलेली धार कानशीने मोडली, गंज चढू नये म्हणून तिच्यावर ऑइलपेंटचा हात दिला. आधाराच्या काड्यांसाठी वर नवी भोके पाडली आणि टायर व पत्रा यांच्यात सगळीकडे एक बोट अंतर राहील असे नट आवळले. काम देखणे झाले. खाली वीतभर पत्रा पडला होता. त्यावर पांढरा पट्टा होता आणि मधोमध एक लाल काच. तो मी अडगळीत टाकला.

मग परीक्षा घेतली. सायकल स्टँडवर उभी केली, सीटवर जुना शर्ट टाकला, मागच्या चाकावर तांब्याने मातीचे पाणी ओतीत पायडल जोरात फिरवले. शर्ट कोरडा. मला फार समाधान वाटले. मागच्या भिंतीवर मात्र चिखलाचा एक पंखा उमटला होता. तो मी पाहिला, आणि घरातले कोणी पाहण्याच्या आत ओल्या फडक्याने पुसून टाकला. वाचकांनी ही भिंत लक्षात ठेवावी. पुढची सगळी गोष्ट तिच्यावरच उभी आहे.

जुलैत झड लागली. एका सकाळी आठवीच्या वर्गात एक मुलगा छातीवर, गळ्यावर आणि कपाळावर काळे शिंतोडे घेऊन आला. गणवेशाचा शर्ट पांढरा, त्यामुळे ते अधिकच उठून दिसत होते. मी म्हणालो, "काय रे, शाळेत आलास की चिखलणीला?" वर्ग हसला. वर्ग हसला की मास्तराला वाटते आपण काहीतरी चांगले बोललो. त्याला मी शेवटच्या बाकावर पाठवले. पुढच्या आठवड्यात तोच मुलगा तीन दिवस उशिरा आला. तिन्ही दिवस मी त्याला दाराबाहेर उभे केले. कारण विचारले. त्याने खाली पाहिले. हा मुलगा बेफिकीर आहे असा शेरा मी मनातल्या वहीत मारून ठेवला.

श्रावणातली गोष्ट. आमच्या चिरंजीवांना त्यांची गिअरची सायकल सोडून माझी चालवायची लहर आली. ते पुढे माझ्या सायकलवर, मी मागे त्यांच्या. नुकतीच सर पडून गेली होती. पहिल्याच खड्ड्यानंतर माझ्या चष्म्याची एक काच काळी झाली, दुसऱ्या खड्ड्यानंतर दुसरी. मी थांबलो. चष्मा धोतराच्या सोग्याने पुसायचे दिवस गेले; मी तो सदऱ्याने पुसला. सदऱ्यावर तो पंखा उमटला होता. तोच, भिंतीवरचा. आणि त्या पंख्यातून मला तो आठवीतला मुलगा दिसला. उसाच्या वळणापासून शाळेपर्यंत तो रोज माझ्या मागून येत असतो.

त्या रात्री मी कागदावर एक वर्तुळ काढले. चित्रकलेच्या मास्तराला दुसरे काय येते? चाकाला चिकटलेले पाणी सुटते ते स्पर्शरेषेच्या दिशेने, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. मागच्या चाकाच्या मागल्या कडेला आसाच्या उंचीवर एक आडवी रेघ मारा. त्या रेघेच्या वर सुटलेला थेंब वर आणि पुढे जातो, म्हणजे चालवणाऱ्याच्या पाठीवर. रेघेखाली सुटलेला थेंब वर आणि मागे जातो, म्हणजे मागून येणाऱ्याच्या तोंडावर. रेघेवरचा पत्रा माझ्यासाठी, रेघेखालचा दुसऱ्यासाठी. मी मोजून पाहिले. माझी करवत जवळजवळ त्या रेघेवरूनच फिरली होती.

याहून लाजिरवाणी गोष्ट पुढच्या चाकात होती. तिथे आसाखालचा थेंब मागे येतो तो माझ्याच पायांवर आणि साखळीवर. म्हणून पुढच्या मडगार्डची शेपटी मी कापली नव्हती. उलट तिला रबराचा तुकडा जोडला होता. तोच पत्रा, तीच जागा. जिथे तो मला राखत होता तिथे मी तो वाढवला. जिथे दुसऱ्याला राखत होता तिथे तो मला अडचण वाटला. आणि त्यावरचा पांढरा पट्टा, ती लाल काच! काळोखात मागून येणाऱ्याला दिसावे म्हणून लावलेल्या वस्तू. म्हणजे ज्याने कोणी ती शेपटी प्रथम योजली, त्याला मागे कोणीतरी आहे याची आठवण होती.

मी अपराधी होतो काय? चिखल उडवायचा माझा हेतू नव्हता. आमचे विज्ञानाचे सर माझे स्नेही आहेत. ते म्हणाले, "मागच्याने अंतर ठेवावं. रस्त्याचा नियमच आहे." जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ साली 'ऑन लिबर्टी'त सांगितले की, समाजाने व्यक्तीला आवरायचे ते दुसऱ्याची हानी टाळण्यापुरतेच. आपल्याकडे आगरकरांच्या विचारांवर मिलचा मोठा ठसा आहे. तत्त्व मोठे स्वच्छ आहे. पण ते पाळायचे तर दुसऱ्याची हानी आधी दिसावी लागते, आणि सायकलस्वाराची पाठ नेमकी तिकडेच असते.

तरी मला दिसले नव्हते असे मी म्हणू शकत नाही. मी भिंत पाहिली होती. मी ती पुसली होती. माझी परीक्षा शर्टाची होती, भिंतीची नव्हती. एवढाच काय तो माझा बचाव. मला वाटते, आपले पुष्कळसे अज्ञान असेच ओल्या फडक्याने पुसून तयार केलेले असते. आणि मी तर कादंबऱ्या लिहिणारा माणूस! दुसऱ्याच्या जागी उभे राहून पाहणे हा ज्याचा धंदा, त्याला चाकामागे दोन पावले जाऊन उभे राहावेसे वाटले नाही.

राहता राहिला अंतर ठेवण्याचा नियम. दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला मधल्या सुटीत बोलावले आणि म्हणालो, "तुझ्या शर्टावरचा तो चिखल माझ्या सायकलचा होता. मी तुला उगाच बोललो. माझं चुकलं." तो गोंधळला. मास्तरांनी असे काही म्हणायचे नसते हे त्याला ठाऊक होते. मग हळूच म्हणाला, "तसं काही नाही सर. शर्ट एकच आहे, म्हणून नंतर मी वळणावर थांबायचो. तुम्ही पुढं गेल्यावर निघायचो."

म्हणजे तीन दिवसांच्या उशिराचा हिशेबही माझ्याच खाती निघाला. त्याने अंतर ठेवले होते, आणि मी त्याला अंतर ठेवल्याची शिक्षा केली होती. घंटी वाजवून त्याला पुढे जाता आले असते. पण सरांना घंटी कशी वाजवायची? मागचा माणूस बहुधा लहान असतो, वयाने, पैशाने किंवा अधिकाराने. त्यालाच आपण सांगतो की तू जपून ये.

आता मागच्या मडगार्डला मी जुन्या ट्यूबची वीतभर पट्टी दोन बोल्टांनी जोडली आहे. रबर असल्यामुळे ती पायरीवर आपटत नाही. हे मे महिन्यातच सुचायला हरकत नव्हती. लाल काच अडगळीतून काढून पुन्हा बसवली. मात्र एक गोष्ट प्रांजळपणे सांगतो. ही शेपटी फुकट पडत नाही. काळी माती चिकट. ती आत कोंबून बसते, चाक जड होते. आमच्याकडे कितीतरी शेतकरी पावसाळ्यात मडगार्डेच काढून ठेवतात ते याचसाठी. मला वाटेत उतरून काडीने माती काढावी लागते, हात माखतात. चिखल न उडवणारे चाक कोणी बनवलेले नाही. मडगार्ड चिखल नाहीसा करीत नाही. ज्याने तो उचलला त्याच्याजवळ ठेवते, एवढेच. तो काढायचा कोणी, हा प्रश्न तेवढा सुटतो.

सगळे प्रश्न इतक्या स्वस्तात सुटत नाहीत. माझ्या आयुष्यात मी आणखी कुठे कुठे असा वीतभर पत्रा कापला असेल, हे मला सांगता येणार नाही. सायकलच्या मागे मुलगा फिरवून बसवता आला. आयुष्याच्या मागे कोणाला बसवायचे?

दिवाळीच्या सुटीपूर्वीच्या शेवटच्या दिवशी परतीचा पाऊस पडून गेला होता. उसाच्या वळणापुढे मागून एका साखळीची करकर ऐकू येऊ लागली. मी वळून पाहिले नाही. खड्डा आला तेव्हा मात्र पायडल मारायचे थांबलो. करकर जवळ आली, शेजारी आली, आणि एक घंटी वाजली. अगदी हळू, एकदाच. मी बाजू दिली.