नामानाचे स्नान आणि परिचारिकेची परीक्षा

(शास्त्रपाठ : २ राजे, अध्याय ५)

अराम देशाचा सेनापती नामान रथ, घोडे, रुपे व सोने घेऊन अलीशाच्या दारी आला, तेव्हा संदेष्टा बाहेरदेखील आला नाही. त्याने निरोप मात्र पाठविला की, यार्देनेत सात वेळा स्नान कर. नामानास संताप आला. आपल्या दिमिष्काच्या नद्या काय वाईट आहेत, असे त्यास वाटले. रोगाहून त्याचा मान त्यास अधिक झोंबत होता. काही अवघड कार्य सांगितले असते तर त्याने ते आनंदाने केले असते, परंतु आंघोळ! ती तर लेकरेही करतात.

हा पाठ आम्ही पुष्कळदा वाचला आहे. पण गेल्या वर्षी एका भगिनीचे पत्र आले तेव्हा तो नव्याने समजला. ही बाई तीन वर्षांचा जी.एन.एम. अभ्यासक्रम करून चौदा वर्षे इस्पितळात परिचारिका होती. रात्रपाळीत तिने किती मरणारांचे हात धरले असतील ते देवच जाणे. पुढे ती ब्रिटनला गेली. इंग्रजी भाषेची परीक्षा उतरली, संगणकावरील परीक्षाही उतरली. आणि प्रात्यक्षिक परीक्षेत, जिला तेथे ऑस्की म्हणतात, ती नापास झाली. कारण काय? रोग्यास गोळ्या देण्यापूर्वी तिने त्याच्या मनगटावरील पट्टीवरचे नाव व जन्मतारीख कागदाशी ताडून पाहिली नाही, आणि कोणते औषध बाधते काय, हे विचारले नाही. चौदा वर्षांत मी कोणास चुकीची गोळी दिली नाही, आणि आता मला नाव विचारावयास शिकवितात, असे तिने लिहिले होते. घरी कर्ज होते, मंडळीत लोक विचारीत होते. पत्राची शाई दोन ठिकाणी पसरली होती.

ही परीक्षा कशी असते हे आमच्या वाचकांस थोडे सांगितले पाहिजे. परदेशांत शिकलेल्या परिचारिकांची तेथील नोंदवहीत नोंद करणारे जे नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिल आहे, त्याने ती ठरविली आहे. २०२१ पासून तीत दहा स्थानके आहेत. चार स्थानकांत एकाच रोग्याची तपासणी, शुश्रूषेची योजना, ती योजना अमलात आणणे व शेवटी पुढच्या परिचारिकेस रोग्याची माहिती देणे; चारांत हातचे काम, जसे सुई टोचणे, जखमेची मलमपट्टी, मूत्रनलिका काढणे, छाती दाबून श्वास परत आणणे; आणि दोनांत मुकाट्याने कागदावर उत्तरे. रोगी कधी सोंग घेतलेला माणूस असतो, कधी नुसता पुतळा. परीक्षक जे पाहील वा ऐकेल त्याचेच गुण देतो. मनात ठेवलेली काळजी तेथे मोजली जात नाही. पुतळ्यासही आपले नाव सांगावे लागते, हात लावण्याआधी परवानगी मागावी लागते, आणि श्वास पुरता एक मिनिट मोजावा लागतो. आमच्या चाळीस खाटांच्या दालनांत दोन भगिनी असतात. तेथे पुरता मिनिट कोण मोजणार? आम्ही त्यांस दोष देत नाही. पण घाईत लागलेली सवय ही सवयच असते, आणि ती सामानाच्या पेटीतून समुद्रापार जाते.

हात धुण्याविषयी एक खरी हकीकत आहे. १८४७ मध्ये व्हिएन्ना शहरात सेमेलवाइस नावाचा एक तरुण वैद्य होता. त्याच्या प्रसूतिगृहात एप्रिल महिन्यात शेकडा अठराहून अधिक बाळंतिणी तापाने दगावल्या. प्रेते चिरून आलेले वैद्य त्याच हातांनी बाळंतिणींस तपासतात, हे त्याच्या ध्यानात आले. त्याने सर्वांस क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुवावयास लाविले. जूनमध्ये मृत्यूंचे प्रमाण शेकडा दोनांच्या आसपास आले. तरी पुष्कळ विद्वानांनी त्याचे ऐकले नाही. आपल्यासारख्यांचे हात अमंगळ असू शकतात, हेच त्यांस सहन झाले नाही. त्या मानापायी किती माता मेल्या!

उपदेशक बंधूंनो, आता दोन शब्द तुम्हांस. एखाद्या घरची मुलगी परीक्षेस बसते तेव्हा तुम्ही प्रार्थना करिता, ते उत्तमच आहे. परंतु नामानास पाण्यात उतरावे लागले, आणि एकदा नव्हे, सात वेळा. परीक्षेचे निकष आधीच छापून प्रसिद्ध केलेले असतात. ते मिळवून तोंडाने म्हणत, हाताने करीत सराव केल्यावाचून गत्यंतर नाही. दुसरे असे की, नोकरी मिळवून देतो म्हणून लाखो रुपये मागणारे दलाल खेडोपाडी फिरतात. परदेशी कामगार नेमण्याविषयी ब्रिटिश सरकारचे जे नियम आहेत, त्यांप्रमाणे उमेदवाराकडून असे शुल्क घेता येत नाही. शेत गहाण ठेवण्यापूर्वी त्या घरच्यांनी हे तुमच्या तोंडून ऐकावे. आणि जी नापास होऊन कळविते, तिजविषयी मंडळीत कुजबुज होऊ देऊ नका. नामानास शहाणपण सांगणारे त्याचे चाकर होते, आणि ते फार नरमाईने बोलले.

आमच्या त्या भगिनीने प्रथम आठ दिवस कोणाशी भाषण केले नाही. नंतर तिच्याच खोलीत राहणाऱ्या केरळातील एका मुलीने, जी वयाने तिच्याहून बारा वर्षांनी लहान होती, तिजला म्हटले की, ताई, मी रोगी होते, तुम्ही मला गोळी द्या. उशीचा पुतळा झाला, वहीच्या कागदाची मनगटपट्टी झाली. रोज रात्री स्वयंपाक आटोपल्यावर ती पुन्हा पुन्हा नाव विचारीत असे. जी स्थानके चुकली होती तेवढीच तिला पुन्हा द्यावयाची होती, आणि दुसऱ्या खेपेस ती उतरली.

तिची धाकटी बहीण आता आमच्या गावी हाच अभ्यास करीत आहे. तिजपाशी पुतळा नाही, म्हणून आजीस खाटेवर निजवितात. आजीचे नाव घरात सर्वांस ठाऊक आहे, तरी प्रत्येक वेळी ते विचारले जाते. आजी आधी हसते, मग सांगते.