शिस्त धर्म केव्हा होते?

दुसऱ्याचा हुकूम पाळणाऱ्याला स्वतंत्र म्हणावे का, हा धर्मविचारातला जुना प्रश्न आहे. राष्ट्रीय छात्रसेनेची, म्हणजे एनसीसीची, एअर विंग पाहिली की तो नव्याने उभा राहतो. १९४८ च्या कायद्याने छात्रसेना उभी राहिली आणि १९५० मध्ये मुंबई व कोलकाता येथे एकेक एअर स्क्वाड्रन काढून तिच्या हवाई शाखेची सुरुवात झाली. गणवेश, कवायत, सलामी सारे लष्करी वळणाचे. शिकायला एरोमॉडेलिंग आणि विमानविद्येची मूलतत्त्वे, संधी मिळाली तर मायक्रोलाइट विमानातून उड्डाण. तरीही कॅडेटवर पुढे सैन्यात जाण्याचे बंधन नसते. माझे म्हणणे असे, की शिस्तीला धर्माचे मोल दोन अटींवर येते: ती आपखुशीने पत्करलेली असावी, आणि हुकूम सोडणाराही त्याच नियमाने बांधलेला असावा.

पहिल्या अटीसाठी आमच्या रोह्याचाच दाखला घेता येतो. रायगड जिल्ह्यातले आमचे कोलाड ज्या तालुक्यात येते, त्या तालुक्याच्या गावी, रोह्यात, १९२० साली पांडुरंगशास्त्री आठवले यांचा जन्म झाला. गीतेच्या आधारावर त्यांनी स्वाध्याय परिवार उभा केला. स्वाध्यायी पदरमोड करून भक्तिफेरीला गावोगाव जातात, योगेश्वर कृषी या सामुदायिक शेतीत विनामोबदला राबतात आणि त्या श्रमांना भक्ती मानतात. तेच श्रम कोणी हजेरी लावून सक्तीने करून घेतले, तर ती वेठबिगारी होईल. शेत तेच, घाम तोच, पण त्याचा अर्थ पालटतो. गीतेतही अठराव्या अध्यायात सारा उपदेश संपवून श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतात, की यावर पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल ते कर. कोणी म्हणेल, त्यानंतर थोड्याच श्लोकांनी सारे सोडून शरण येण्याची आज्ञा आहेच की! आहे, पण क्रम महत्त्वाचा आहे. आधी निवडीचा अधिकार, मग शरणागती. ज्याला नकार देता येतो, त्याच्याच होकाराला समर्पण म्हणतात.

आपल्या देशाने सक्तीही करून पाहिली आहे. चीनच्या युद्धानंतर १९६३ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एनसीसी सक्तीची झाली आणि १९६८ मध्ये ती पुन्हा ऐच्छिक करण्यात आली. युरोपातला दाखला अधिक भेदक आहे. नाझी जर्मनीत हिटलर युथच्या हवाई शाखेत मुले ग्लायडिंग शिकत होती. १९३९ पर्यंत त्या संघटनेचे सदस्यत्व कायद्याने सक्तीचे झाले होते. ब्रिटनमध्ये १९४१ साली एअर ट्रेनिंग कोअर स्थापन झाली, तीही मुलांना विमानविद्याच शिकवणारी, पण ऐच्छिक. यावर रास्त आक्षेप असा, की युद्धाकडे मुले दोन्हीकडून गेली. मग स्वेच्छेने काय साधले? हा आक्षेप मला मान्य आहे. नुसती स्वेच्छा पुरत नाही. आपखुशीने माणूस अन्यायाचीही चाकरी करतो. म्हणूनच दुसरी अट हवी.

ती अट विमानाच्या कामात उघड दिसते. उड्डाणापूर्वी विमानाभोवती फिरून तपासणी करायची असते. पंखांच्या कडेच्या हलत्या झडपा हाताने वरखाली करून पाहायच्या. टाकीच्या तळाचे थोडे इंधन पारदर्शक भांड्यात काढून उजेडात धरायचे. पाणी पेट्रोलपेक्षा जड, त्यामुळे शिरले असेल तर तळाशी वेगळे दिसते. हा नियम शिकाऊ कॅडेटला लागू, तसाच केसांवर पांढरी छटा आलेल्या प्रशिक्षकालाही लागू. पाण्याचा थेंब हुद्दा ओळखत नाही. कोलाडकरांना हे कुंडलिका नदीवरून पटेल: भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सुटलेल्या पाण्यावर राफ्ट उतरते, तेव्हा सारे गाइडचा इशारा मानतात, पण लाइफ जॅकेट गाइडच्याही अंगावर असते. अशा आज्ञेत माणूस माणसापुढे झुकत नाही, दोघेही सत्यापुढे झुकतात. हिटलर युथच्या मुलांना शिकवलेली निष्ठा एका माणसाशी होती; त्या माणसाला बांधणारा कोणताच नियम नव्हता.

आणखी एक आक्षेप उरतो. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाची कसली आलीय स्वेच्छा? आईवडील सांगतात, सर नाव घालतात, प्रमाणपत्राचा पुढे नोकरीत उपयोग होतो. हे खरे आहे, आणि हेतू शुद्ध नसतात म्हणून मला ते लाजिरवाणेही वाटत नाही. निवड एका दिवसात पुरी होत नाही. पहाटेच्या परेडला पुन्हा जायचे की नाही, हे मूल दर वेळी ठरवते आणि त्यातूनच दुसऱ्याची इच्छा हळूहळू त्याची स्वतःची होते. मात्र त्यासाठी बाहेर पडायचे दार उघडे राहिले पाहिजे.

या विचाराचा एक तगादा आपल्यावरही येतो. एनसीसी सर्वांना सक्तीची करा, अशी मागणी अधूनमधून होते. ती मान्य केली तर शिस्तीतले धर्मत्वच जाईल. पण जिथे पर्यायच नाही तिथेही स्वेच्छा पोकळ ठरते. कोलाडच्या मुलीला एअर विंग घ्यायची की नाही, हे ठरवण्याआधी एअर विंग तिच्या शाळेपर्यंत पोचायला हवी. धावपट्टी प्रत्येक गावात येणार नाही. पण एरोमॉडेलिंगला एक मोकळे मैदान आणि एक जाणता शिक्षक पुरतो. सक्तीचा आग्रह सोडून ही सोय करणे, हे मुलांकडून शिस्त मागणाऱ्या समाजाचे पहिले कर्तव्य आहे.