मित्राने घात केला तर

सज्जनाचे धन हिरावून घेता येईल, देहही पाडता येईल. परंतु त्याचा चांगुलपणा दुसरा कोणी नासवू शकत नाही, असे आपण मानीत आलो. ग्रीसमध्ये सॉक्रेटिसाचीही हीच धारणा होती. मार्था नुसबॉम या अमेरिकन विदुषीने १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘द फ्रॅजिलिटी ऑफ गुडनेस’ या ग्रंथात नेमक्या या धारणेलाच हात घातला आहे.

त्यांचा मुख्य आधार ॲरिस्टॉटल. त्याच्या ‘निकोमाखियन एथिक्स’ या नीतिग्रंथाच्या १० भागांपैकी आठवा आणि नववा हे दोन भाग मैत्रीला वाहिलेले आहेत. मूळ ग्रीक शब्द ‘फिलिया’. त्यात आई-मुलाचे, पति-पत्नीचे प्रेमही येते. म्हणून ‘मैत्री’पेक्षा आपला ‘स्नेह’ हा शब्द त्याला जवळचा. कोणी उपयोगासाठी स्नेह जोडतो, कोणी सुखासाठी. कारण सरले की तोही सरतो. मित्राचे शील पाहून, त्याच्याच हितासाठी केलेला स्नेह टिकतो. पण त्याला काळ लागतो, सहवास लागतो. सहवास म्हणजे गुरांप्रमाणे एका कुरणात चरणे नव्हे, हेही ॲरिस्टॉटल सांगावयास विसरत नाही.

नुसबॉमबाई येथून पुढे जातात. असा मित्र हा अंगावर घातलेला दागिना नव्हे, तो आपल्या चांगल्या जीवनाचा अवयवच होतो. मग तो मेला, दूर गेला, फिरला, तर अवयवच तुटणार. हे भय नको म्हणून प्लेटोच्या ‘सिंपोझियम’मध्ये साधक एका व्यक्तीवरील प्रेमाची पायरी सोडून अविनाशी सौंदर्याकडे चढतो. ॲरिस्टॉटल ती वाट धरीत नाही. बाकी सर्व काही मिळाले तरी मित्राविना जगणे कोणी पत्करणार नाही, असे त्याचे मत.

आम्हां विरक्तांना हे पचावयास जड आहे. संगातून बंध, हेच शिकत आणि शिकवीत आमचे आयुष्य गेले. तरी ग्रंथाच्या शेवटी बाईंनी युरिपिडिसच्या ‘हेक्युबा’ नाटकाचे जे विवेचन केले आहे, ते बाजूस सारता येत नाही.

युद्धकाळात ट्रॉयचा धाकटा राजपुत्र सोन्यासह थ्रेसच्या पॉलिमेस्टर राजाकडे ठेवलेला असतो. हा घराण्याचा जुना स्नेही. ट्रॉय पडते, राणी हेक्युबा दासी होते. तिच्या मुलीचा बळी दिला जातो. मुलगी धैर्याने मरते. त्या दुःखातही, थोर स्वभाव विपत्तीत बिघडत नाही, असे ही माता बोलू शकते. थोड्याच वेळात मुलाचे प्रेत समोर येते. सोन्याच्या लोभाने स्नेह्यानेच त्याला मारून समुद्रात टाकलेले! मग हेक्युबा पॉलिमेस्टरला गोड बोलून तंबूत नेते, त्याच्या मुलांना मारविते, त्याचे डोळे फोडविते. तू कुत्री होशील, असे भविष्य तिच्या वाट्यास येते.

राज्य गेले, मुलगी गेली, तोवर तिचे शील शाबूत होते. ते मोडले विश्वासघाताने, हे बाईंचे म्हणणे आम्हांस खरे वाटते. त्या सूडाची भलामण करतात असे मात्र कोणी समजू नये. २०१६ सालच्या ‘अँगर अँड फर्गिव्हनेस’मध्ये त्यांनी प्रतिशोधाच्या वृत्तीची कठोर चिकित्सा केली आहे. पॉलिमेस्टरच्या लेकरांचा काय अपराध होता? त्यांचे रक्त हेक्युबाच्याच हातांवर आहे. पण नाटकात ॲगमेम्नॉनपुढे न्याय होतो, तो त्या एका मुलाच्या खुनाचा. स्नेह्याने त्याच्या आईचे जे मारले, त्याचा खटला तेथे उभाच राहत नाही.